वाळू तापली की कासवाच्या सगळ्या माद्याच जन्मतात का?

प्रश्न : मार्चमध्ये पोरांना घेऊन कोकणात वेळासला कासव महोत्सव बघायला गेलो होतो. पहाटे पिल्लं समुद्राकडे निघालेली बघून डोळ्यांत पाणीच आलं. तिथले एक कासवमित्र दादा म्हणाले की नर होणार की मादी ते वाळूच्या तापमानावर ठरतं. खरंय का हे? आणि ऊन असंच वाढत राहिलं तर?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दादा अगदी बरोबर बोलले. वेळासला येतात त्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी दीडेक फुटाचा खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते, मग उबवायचं सगळं काम वाळूच करते. पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात आणि त्यातल्या मधल्या दिवसांत वाळू किती तापली त्यावर नर-मादी ठरतं, ३० अंशांच्या आसपास असेल तर दोन्ही निघतात, गार असेल तर नर जास्त, तापली तर माद्याच. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागात जन्मलेली हिरवी समुद्री कासवं तपासली होती, २०१८ साली आकडा आला तो असा की लहान वयाच्या कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या! वाचून धस्स झालं होतं मला.

पण माद्या थोड्या जास्त झाल्या म्हणून लगेच जात संपत नाही, एक नर बऱ्याच माद्यांना पुरतो. मला खरी भीती वेगळीच वाटते. वाळू फारच तापली, म्हणजे पस्तिशीच्या वर जाऊन तशीच राहिली, तर पिल्लं अंड्यातच मरतात, ना नर ना मादी. म्हणून काही ठिकाणी हॅचरीवर, म्हणजे अंडी आणून जपतात त्या कुंपणातल्या जागेवर, शेडनेट बांधतात. आणि दुसरं म्हणजे पुळणच खचत चाललीये, समुद्र आत येतोय म्हणून आपण दगडी बंधारे घालतो, आता त्या दगडांवरून मादी वर चढणार कशी आणि अंडी घालणार कुठे? गारव्यात अंडी घालायला ती लवकर आली तरी तिला मोकळी वाळू तर मिळायला हवी ना, आणि ती मोकळी ठेवणं आपल्या हातात आहे.

पुढच्या वर्षी गेलात तर हॅचरीत घरट्यांवर पाट्या असतात, त्यावरची तारीख पोरांना वाचायला लावा आणि दिवस मोजायला सांगा. थंडीतल्या घरट्यातून पिल्लं उशिरा येतात, उन्हाळ्याकडची लवकर, ते त्यांना स्वतःलाच दिसेल.