अर्ज पाठवण्याआधी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

अणुभट्टी-संशोधनासाठीच्या तुझ्या अर्जाचा मसुदा वाचला. दुसऱ्या परिच्छेदात ‘थोरियममुळे देशाची विजेची चिंता कायमची मिटेल’ असं वाक्य आहे, ते आधी काढून टाक. मुलाखतीला समोर बसलेल्यांपैकी एखाद्याची अर्धी नोकरी थोरियमवरच गेलेली असेल. तो शांतपणे विचारेल, ‘मग अजून का मिटली नाही?’

याचं उत्तर तुझ्यापाशी हवं. थोरियम स्वतः इंधन नाही. त्याच्या अणूने न्यूट्रॉन शोषला की मधल्या टप्प्यात प्रोटॅक्टिनियम तयार होतं. त्याचं अर्धायुष्य 27 दिवसांचं. त्यातून हळूहळू युरेनियम-233 हाती येतं, आणि इंधन ते. हे सुरुवातीचे न्यूट्रॉन आणायचे कुठून, यासाठीच तर होमी भाभांनी तीन टप्पे आखले: आधी जड पाण्याच्या भट्ट्या, मग त्यातल्या प्लुटोनियमवर चालणारे फास्ट ब्रीडर (वेगवान न्यूट्रॉनांवर चालणाऱ्या, जाळतात त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या भट्ट्या), आणि थोरियम शेवटी. त्यात युरेनियम-233 सोबत थोडं युरेनियम-232 येतंच, आणि त्याच्या विघटनातून पुढे बनणाऱ्या मूलद्रव्यांचा गॅमा किरणोत्सर्ग इतका भेदक की इंधनकांड्या जाड भिंतीआडून यंत्राच्या हातांनी बनवाव्या लागतात. चेन्नईजवळच्या कल्पक्कमची ‘कामिनी’ ही संशोधन-भट्टी युरेनियम-233 वर 1996 पासून आहे. तिची क्षमता 30 किलोवॉट, म्हणजे छोट्या मोटारीच्या इंजिनापेक्षाही कमी. तिला हिणवत नाही मी, पण अंतर किती आहे ते बघ.

‘पुढच्या पिढीची अणुभट्टी’ म्हणतेस त्यातलं बरंचसं तुझ्या वडिलांच्या जन्माआधीचं आहे. अमेरिकेत आयडाहोला 1951 साली अणुऊर्जेवर विजेचे दिवे लागले ते फास्ट ब्रीडरवरच. तिथल्याच ओक रिज प्रयोगशाळेची वितळलेल्या क्षारांवरची भट्टी 1965 ते 1969 चालली, 1968 मध्ये तर युरेनियम-233 वरसुद्धा. भौतिकशास्त्र तेव्हाच जमलं होतं. थांबवलं धातूने (आणि पैशाने, पण त्यावर तुझा-माझा इलाज नाही). ओक रिजच्या निकेल-मिश्रधातूच्या पृष्ठभागावर बारीक भेगा सापडल्या. कारण निघालं टेल्युरियम, विखंडनातून चिमूटभर तयार होणारं.

जपानमधल्या मोंजू या फास्ट ब्रीडरचं प्रकरण बारकाईने वाच. अशा भट्टीत उष्णता वाहून न्यायला पाण्याऐवजी वितळलेला सोडियम असतो. 8 डिसेंबर 1995. दुय्यम सोडियम-नळीत तापमान मोजायला थर्मोकपल घातलेलं, आणि त्यावर धातूची म्यान. या म्यानेचा व्यास एका ठिकाणी एकदम कमी केलेला होता. वाहत्या सोडियमने ती थरथरत राहिली, नेमकी त्या खांद्यावर थकली आणि तुटली. सुमारे 640 किलो सोडियम बाहेर आला आणि हवेशी गाठ पडताच पेटला. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही. पण गळतीच्या चित्रफितीतला भाग लपवल्याचं उघड झालं आणि लोकांचा विश्वास उडाला. प्रकल्प 2010 मध्ये जेमतेम पुन्हा सुरू झाला, लगेच दुसरा अपघात, आणि 2016 मध्ये कायमचा बंद करायचं ठरलं. न्यूट्रॉनांचं गणित सगळं बरोबर होतं. चुकला तो एका म्यानेचा आकार, आणि नंतर माणसांची नियत.

म्हणून माझं ऐकशील तर ‘रिअ‍ॅक्टर डिझाइन’ एवढं मोघम लिहू नकोस. एखादा रुक्ष वाटणारा प्रश्न धर. वेगवान न्यूट्रॉनांच्या माऱ्याने स्टीलच्या आत सूक्ष्म पोकळ्या पडतात आणि ते फुगतं, हे 1967 मध्ये स्कॉटलंडमधल्या डौनरे भट्टीच्या नमुन्यांत दिसलं. इंधन किती काळ भट्टीत ठेवता येईल हे आजही त्यावर ठरतं. सोडियम अपारदर्शक, मग आतला भाग सरकलाय का हे बघायचं कसं? ध्वनिलहरींनी. पण दोनशे अंशांच्या सोडियममध्ये टिकणारा सेन्सर बनवून दाखव! तुझं वेल्डिंगवरचं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट तू एका ओळीत उरकलं आहेस. माझ्या मते अर्जातला सगळ्यात दमदार भाग तोच. त्यात तुटलेल्या नमुन्याचा फोटो होता ना? त्यावर अर्धं पान लिही, निकाल अपेक्षेविरुद्ध का आला तेही.

एक गोष्ट घरच्यांशी आताच बोलून ठेव. या क्षेत्रात नमुना भट्टीत घातला की तो बाहेर यायला वर्षं लागतात, मग तो थंड होऊ द्यायचा, मग हॉट सेलमध्ये, म्हणजे जाड भिंतींच्या बंद खोलीत, यंत्राच्या हातांनी कापायचा. तुझ्या वर्गातली सॉफ्टवेअरवाली मुलं तोवर दोन नोकऱ्या बदललेली असतील. कल्पक्कमच्या 500 मेगावॉटच्या फास्ट ब्रीडरचं बांधकाम 2004 मध्ये सुरू झालं आणि गाभा भरायची सुरुवात व्हायला 2024 उजाडलं. आईला हे कळलं तर ती विचारेलच, की लग्नकार्याला तरी रजा मिळते का. मिळते, सांग.

भाभा केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलसाठी गेट परीक्षेचा स्कोअर चालतो, तो वाया घालवू नकोस. थेट पीएचडी करायची झाली तर होमी भाभा राष्ट्रीय संस्थेतून कल्पक्कमलाही करता येते. मी असतो तर ट्रॉम्बेपेक्षा कल्पक्कम निवडलं असतं, कारण सोडियम तिथे आहे. तमिळ येत नाही ही सबब चालायची नाही.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव. फॉन्ट जरा मोठा ठेव.

तुझा,
काका

ता. क. ‘क्रांतिकारक’ हा शब्द मसुद्यात चार वेळा आलाय. चारही काढ.