सहा दातांचा हप्ता नको, आधी ठणकणारी दाढ भरा

नाशिकच्या एका ताईंनी पत्रातून त्यांची अडचण कळवली आहे. वय २९, अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्स विभागात नोकरी, हातात येणारा पगार ३८,०००. जुलैच्या पावसात द्वारका चौकाजवळ खड्ड्यात स्कूटी घसरली आणि वरच्या पुढच्या दोन दातांचे कोपरे उडाले. तेव्हापासून हसताना हात आपोआप तोंडावर जातो, असं त्या लिहितात. डिसेंबरात धाकट्या भावाचं लग्न आहे. दवाखान्यात गेल्या तर ‘स्माइल डिझाइन’चं पॅकेज सांगितलं: पुढच्या सहा दातांना सिरॅमिक व्हेनिअर (दातावर समोरून चिकटवायची पातळ पापडी), प्रत्येकी १४,०००, एकूण ८४,०००. एकरकमी दिले तर ७८,०००, नाहीतर बिनव्याजी बारा हप्ते, महिना ७,०००, वर १,९९९ प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी. नुसते तुटलेले दोन दात बॉण्डिंगने, म्हणजे दातांच्या रंगाचा मसाला चिकटवून, भरायचे तर प्रत्येकी ४,५००, ‘पण ते टिकत नाही’ असंही सांगितलं. बचत खात्यात ४२,००० आणि ९०,००० ची एफडी आहे. एफडी मोडू की हप्ते घेऊ, असा त्यांचा प्रश्न. आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: ‘खालच्या दोन दाढांनाही कीड आहे, डावीकडची गार पाण्याने ठणकते, त्याचे प्रत्येकी १,८०० सांगितलेत, पण ते लग्नानंतर बघू.’

ताई, मी सुरुवात तुमच्या शेवटच्या ओळीपासून करतो.

गार पाण्याने ठणकणारी दाढ म्हणजे कीड वरचं कवच ओलांडून आतल्या मऊ थरात शिरली असण्याची दाट शक्यता. तिथून पुढे नस फार लांब नसते. आज १,८०० रुपयांत भरून होणारी दाढ उद्या नसेपर्यंत गेली की रूट कॅनाल आणि वर कॅप. तुमच्याच दवाखान्यात विचारून बघा, दोन्ही मिळून दहा-बारा हजारांच्या खाली आकडा येणार नाही. मी हे स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात माझी उजवी दाढ अशीच ठणकायची. क्लायंटची कामं आटोपू देत, मग भरू, म्हणून एका बाजूने जेवत राहिलो. जूनमध्ये रात्री अडीचला उठून लवंग दाबून बसलो होतो. पाचशे रुपयांचं काम होतं, शेवटी आठ हजारांना पडलं, आणि ती दाढ आज कॅपखाली आहे. लोकांच्या पैशांची गणितं मांडणाऱ्या माणसाला स्वतःच्या दाढेचं साधं गणित तेव्हा दिसलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. तुमचं तसं होऊ नये, म्हणून सांगतो: या दोन दाढा याच आठवड्यात भरा. ३,६०० रुपये, बचत खात्यातून. दाढेत स्वस्तातलं पांढरं सिमेंट भरायचं की दातांच्या रंगाचं कंपोझिट, असं विचारलं तर चावण्याच्या जागेवर कंपोझिट जास्त टिकतं. सिमेंट तिथे लवकर झिजतं. हजार रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

आता पुढचे दात.

तुमचे तुटले दोन आणि व्हेनिअर लावणार सहा दातांना. बाकीचे चार धडधाकट आहेत, फक्त रंग आणि आकार जुळावा म्हणून त्यांनाही घ्यायचं म्हणतात. व्हेनिअर बसवायला दाताचं वरचं कवच साधारण अर्धा मिलिमीटर घासावं लागतं. आकडा किरकोळ वाटतो, पण हे कवच पुन्हा कधीच वाढत नाही. दात उगवून आला की कवच घडवणाऱ्या पेशीच उरत नाहीत. म्हणजे एकदा घासलेल्या दाताला जन्मभर काही ना काही आवरण लागणार. म्हणून ही खरेदी ८४,००० ची धरू नका. चांगलं व्हेनिअर दहा ते पंधरा वर्षं जातं. तुम्ही २९ च्या आहात. सत्तरीपर्यंत धरलं तर पहिली खेप आणि पुढे आणखी तीन, म्हणजे आजच्याच भावाने ३,३६,०००. बॉण्डिंग दर सहा वर्षांनी नव्याने करावं लागेल असं धरू, दोन दातांचे ९,०००, तेवढ्याच काळात सात वेळा, म्हणजे ६३,०००. ‘बॉण्डिंग टिकत नाही’ हे खरंच आहे. पण व्हेनिअरही जन्मभर टिकत नाही, आणि बॉण्डिंग खराब झालं तर तुमचा मूळ दात बहुतेक जसाच्या तसा खाली असतो.

आणखी एक गोष्ट आहे, जी मला पैशांहून मोठी वाटते. तुमच्या या दोन दातांना मार बसलाय. मार बसलेल्या दाताची नस कधी कधी लगेच मरत नाही, काही महिन्यांनी मरते आणि दात करडा पडत जातो. म्हणून अशा दाताचा वर्षभरात पुन्हा एक्स-रे काढतात आणि नस जिवंत आहे का ते तपासतात. आज त्यावर १४,००० चं सिरॅमिक चिकटवलं आणि वर्षाने रूट कॅनाल करायची पाळी आली, तर? बॉण्डिंग केलेलं असेल तर डॉक्टर आणि तुम्ही दोघंही मोकळे राहता. मी दातांचा डॉक्टर नाही, पण पुढे काय होईल हे कळेपर्यंत मोठी रक्कम अडकवू नये, एवढं माझ्या धंद्यातलं मला नक्की कळतं.

बॉण्डिंग म्हणजे काय होतं, तेही सांगतो, म्हणजे धास्ती राहणार नाही. डॉक्टर दाताशेजारी रंगांची पट्टी धरून छटा ठरवतात. हे दिवसाच्या उजेडात करून घ्या, ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. मग तुटलेल्या कडेला आम्लाची जेल काही सेकंद लावून धुतात, त्यामुळे कवच बारीक खरखरीत होतं. त्यावर चिकटद्रव, मग लोण्यासारखं कंपोझिट पातळ थरांत, आणि प्रत्येक थरावर निळा दिवा. प्रत्येक वेळी दिवा बीप वाजतो आणि थर दगडासारखा घट्ट होतो. शेवटी निळा कागद दातांत देतात, ‘चावा, उंच लागतंय का सांगा.’ इथे संकोच करू नका. केसाएवढंही उंच लागलं तर सांगा, कारण तिथेच तुकडा उडतो. दोन दातांचं काम बहुधा एकाच बैठकीत होतं आणि तुमच्या दातांचा कोपरा कवचाच्या भागातूनच तुटला असेल तर सुईसुद्धा लागत नाही.

उणी बाजूही आहे. चहा आणि हळद कंपोझिटला हळूहळू पिवळं करतात, पहिले दोन दिवस तर फारच जपावं लागतं. दाताने दोरा तोडणं, पेनचं टोपण चावणं, ऊस सोलणं बंद. वर्षातून एकदा पॉलिश. काम डॉक्टरांच्या हातावर अवलंबून असतं, त्यामुळे आधी केलेल्या दातांचे फोटो मागून बघा. संकोच वाटण्यासारखं त्यात काही नाही.

हप्त्यांचं बघू. ‘बिनव्याजी’ शब्दावर जाऊ नका. रोख दिले तर ७८,०००, हप्त्याने ८४,०००, म्हणजे सहा हजारांची जी सूट तुम्ही सोडता तेच व्याज आहे. त्यात फी आणि तिच्यावरचा जीएसटी मिळून आणखी २,३५९. हे सगळं धरून दर काढला तर वर्षाला जवळपास २० टक्के पडतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते कुठेतरी भरलेलं असतंच. ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाआधी बँकेने किंवा कंपनीने ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ द्यावं लागतं, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. पुढे कधीही असा फॉर्म समोर आला तर सहीआधी तो एक कागद मागा.

तुमच्या पगारातून घरात १५,०००, स्कूटीचा हप्ता ३,४००, आरडी ३,००० आणि स्वतःचा खर्च जाऊन महिन्याला सहा-सात हजार उरतात, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे हा हप्ता उरलेलं सगळं खाणार, तेही लग्नघरात. आणि ९०,००० ची एफडी ही तुमची जेमतेम तीन महिन्यांची तजवीज आहे. ती मोडू नका.

विम्याकडून फार आशा धरू नका. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये दातांचं काम बहुतेक वगळलेलं असतं, अपघातामुळे आणि दाखल व्हावं लागलं असेल तरच मिळतं. तरी एचआरला ओपीडीची, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांची, सोय आहे का, एवढं विचारा. गाडीच्या विम्यातलं अपघाती संरक्षण मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरतं असतं, दात त्यात बसत नाहीत. आणि पॅकेजच्या आकड्यात जीएसटी धरलाय का, हेही विचारून ठेवा. इजा झालेल्या दातांची दुरुस्ती हा उपचार आहे, पण धडधाकट चार दात फक्त दिसण्यासाठी केले तर त्यावर १८ टक्के कर लागू शकतो. त्या चार दातांच्या ५६,००० वर तो १०,०८० होतो.

तेव्हा मी असं करीन: दोन दाढा ३,६००, पुढचे दोन दात ९,०००, एक्स-रे आणि दात साफ करून घेण्याचे दीडेक हजार. १४,००० च्या आसपास, सगळं बचत खात्यातून, एफडी आणि आरडी जागच्या जागी. एकट्या दवाखान्याच्या शब्दावर जाऊ नका. पंचवटीतल्या डेंटल कॉलेजच्या ओपीडीत दाखवून या. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, खर्च कमी, आणि पॅकेज विकायची घाई कुणाला नसते. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं की तुटलेला भाग मोठा आहे, बॉण्डिंग धरणार नाही, तर माझं मत बदलेल. मग त्या दोन दातांनाच व्हेनिअर किंवा कॅप करा, २८,००० पर्यंत बचत खात्यातून जमेल. सहा दातांना तरीही नाही.

लग्नानंतर पोस्टात ७०० रुपयांची वेगळी आरडी उघडा, दातांच्या नावाने. ६.७ टक्के दर धरला तर पाच वर्षांत ५०,००० च्या घरात जमतील. तोपर्यंत त्या दोन दातांच्या नसेचं काय झालं हे कळलेलं असेल. तेव्हाही सहा दातांचं व्हेनिअर हवंसं वाटलं तर खुशाल करा, आपलं हसणं आपल्याला आवडावं असं वाटण्यात काहीही चूक नाही. तेव्हा ते तुमच्या पैशांनी होईल.

आणि पॅकेज अडवून ठेवायला जे २,००० आगाऊ भरलेत म्हणता, ते सोडून देऊ नका. शनिवारी जाल तेव्हा पावती बरोबर घ्या आणि सांगा की पॅकेज नको, पण डावी दाढ आजच भरायची आहे, ते पैसे त्यात वळते करा. दाढेचे १,८०० आहेत. उरलेले दोनशे एक्स-रेला जातील.