तापट घोडा आणि पहिला फॉक्स हंट

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही अमेरिकेत, व्हर्जिनियाच्या लाउडन काउंटीत राहता. रेसमधून निवृत्त झालेला सात वर्षांचा थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचा घोडा, दीड वर्षापूर्वी घेतलात. एकटा असला की शहाणा, पण चार घोडे सोबत आले की मान वर, फुरफुर आणि तिरकं चालणं. ऑफिसातल्या एका बाईंनी फॉक्स हंटच्या, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या मागून घोड्यावर बसून कोल्ह्याचा पाठलाग करायच्या खेळाच्या, नोव्हेंबरमधल्या ओपनिंग मीटचं आमंत्रण दिलंय. न्यावं का, कसं न्यावं, आणि शेपटीला हिरवी फीत बांधायची की लाल?

न्या. पण ओपनिंग मीटला नेऊ नका. नव्या खोंडाला पहिल्यांदा गोठ्याबाहेर काढायचं आणि ते थेट पोळ्याच्या मिरवणुकीत, असला तो प्रकार होईल. त्या दिवशी सीझनची रीतसर सुरुवात असते. एरवी न येणारे सभासदही येतात, सगळे ठेवणीतल्या कोटात, घोड्यांच्या आयाळीच्या वेण्या घातलेल्या, फोटो काढणारे, लहान मुलं, काही ठिकाणी तर पाद्रीबुवा येऊन हाउंडना, म्हणजे त्या शिकारी कुत्र्यांना, आशीर्वाद देतात. हे सगळं होईपर्यंत घोड्याने जागेवर उभं राहायचं. तुमच्या घोड्याला नेमकं तेच जमत नाहीये.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझी पहिली घोडीही रेसमधलीच होती. कॉलेजात एनसीसीच्या घोडेस्वार पथकात होते, त्यामुळे आपली मांड पक्की आहे याचा जरा माजच होता. पहिल्याच हंटला मी तिला पुढच्या गटात घेऊन गेले. मीटच्या ठिकाणी ती थरथरत का होईना, पण उभी राहिली. मला वाटलं, जिंकलं. मग रानाच्या कडेला हंट्समनचा, म्हणजे हाउंड सांभाळणाऱ्याचा, हॉर्न वाजला, हाउंड एका सुरात बोलू लागले आणि तीसेक घोडे एकदम सुटले. मी लगाम ओढला. तिने वेग वाढवला. मी आणखी ओढला, ती आणखी सुटली. फील्ड मास्टर म्हणजे स्वारांच्या गटाचा म्होरक्या, त्याच्या पुढे जायचं नाही हा इथला पहिला नियम. आम्ही त्यांना डावीकडून मागे टाकलं आणि थेट हाउंडच्या मधे जाऊन थांबलो. एकाही हाउंडला टाप लागली नाही हे माझं नशीब. फील्ड मास्टरांनी टोपीला हात लावून, अतिशय सभ्य शब्दांत, मला घरी जायला सांगितलं.

ती वाईट घोडी नव्हती. तिला जे शिकवलं होतं तेच ती करत होती. रेसच्या घोड्याला लगामावर रेलून पळायची सवय लावलेली असते. जॉकी लगाम घट्ट धरतो, घोडा त्यावर भार टाकतो आणि पळतो. म्हणजे आपण ज्याला ब्रेक समजतो, तो तिच्या लेखी अॅक्सिलरेटर. म्हणून आतापासून सराव करा तो लगाम सोडायचा. धरा, सोडा, पुन्हा धरा, पुन्हा सोडा. त्याला रेलायला भिंतच मिळू देऊ नका. गळ्यात एक साधा पट्टा अडकवा आणि घाबरलात की लगामाऐवजी तो धरा. तोल राहतो आणि घोड्याच्या तोंडावर तुमची भीती पोचत नाही. थोडी कडक लगामकडी हवीच असेल, पेल्हॅम वगैरे, तर ती महिनाभर आधी घरी वापरून बघा. हंटच्या सकाळी काहीही नवीन नको, मोजेसुद्धा.

आता एक गोष्ट लोक सांगत नाहीत. हंटमध्ये धावणं कमी आणि थांबणं जास्त असतं. हाउंड वास शोधत असतात तेव्हा थांबा, वास हरवला की थांबा, कुणी पडलं की थांबा. वीस वीस मिनिटं. तापट घोडा धावताना सुखात असतो, बिघडतो तो या थांबण्यात. आपल्याकडचा वरातीतला घोडा आठवा. कानाशी बँड, डोक्यावर फटाके, पाठीवर घामाघूम नवरदेव, आणि पठ्ठ्या डुलक्या काढतोय! तो काही जन्मतः संत नसतो. त्याने शेकडो वराती पाहिलेल्या असतात, इतकंच. तुमच्या घोड्यालाही कंटाळा यायला हवा. तबेल्यातल्या दोन-तीन मैत्रीपूर्ण लोकांना धरा. एकत्र बाहेर जा, मोकळ्या रानात उभे राहा, गप्पा मारा. मग त्यांतल्या एकाला चालत दूर जाऊ द्या, नंतर दुडक्या चालीने, नंतर भरधाव. तुमचा मागेच. तो पुतळ्यासारखा उभा राहील अशी अपेक्षा ठेवू नका. छोट्या गोलात चालवत राहा, दोन पावलं मागे घ्या, तोंड वळवा. काम दिलं की डोकं थंड राहतं. साथीचे घोडे दिसेनासे झाले तरी तो गवताला तोंड घालत असेल, तर अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं म्हणजे हाउंड. तबेल्यातला कुत्रा आणि वीस जोड्यांचा कळप यांत फार फरक आहे. (इथे हाउंड जोडीने मोजतात, चाळीस म्हणजे वीस जोड्या. आणि त्यांना कुत्रे म्हणालात तर समोरचा माणूस काही बोलणार नाही, पण चेहरा पडेल.) उन्हाळ्यात बहुतेक क्लब हाउंडना सकाळी फिरायला नेतात, कधी पायी, कधी घोड्यावरून. क्लबच्या सेक्रेटरींना फोन करून सोबत यायची परवानगी मागा. सहसा कुणी नाही म्हणत नाही, उलट नवखा माणूस विचारतो याचं त्यांना बरं वाटतं. पायांमधून हाउंड गेला तर घोडा काय करतो ते तिथे कळेल. एक सवय आत्ताच अंगात भिनवा: हाउंड जवळ आले की घोड्याचं तोंड त्यांच्याकडे, मागची बाजू दुसरीकडे. अरुंद वाटेवर हंट्समन समोरून परत येत असेल तरी तेच, वाट सोडून बाजूला व्हायचं आणि तोंड वाटेकडे. घोड्याने माणसाला लाथ मारली तर लोक माफ करतात. हाउंडला मारली तर गावभर होते.

मग सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या शरद ऋतूच्या हंटला जा. इथे तो सराव काळ असतो. नवे हाउंड शिकत असतात, पहाटे लवकर निघतात, ऊन चढायच्या आत परततात, कपडेही साधे ट्वीडचे चालतात. तुमच्या घोड्याची शाळा त्यांच्याच शाळेत भरेल.

कुठल्या गटात राहायचं यावर चर्चाच नको. पुढचा गट भिंती आणि कूप, म्हणजे तारेच्या कुंपणावर बसवलेले लाकडी उतरते अडथळे, उडी मारून ओलांडतो. दुसरा गट शक्यतो फाटकातून जातो. हिलटॉपर्स टेकाडावरून चालत-दुडकत बघत राहतात. तुम्ही हिलटॉपर्स. तुमचा घोडा कितीही सुंदर उडी मारत असो, यावर्षी उडी नाही. सोबत एक म्हातारा, अनुभवी घोडा आणि त्याच्यावर न बोलणारा स्वार मिळवा. बोलका नको, कारण तो तुम्हाला सल्ले देत बसेल आणि तुमचं घोड्याकडे लक्ष राहणार नाही. पुढे कुणी ‘होल!’ ओरडलं तर तोच शब्द मागच्याला ओरडून सांगा. ग्राउंडहॉगची बिळं या भागात कुठेही असतात आणि गवतात दिसत नाहीत.

आदल्या दिवसाबद्दल थोडं. दाणा कमी करा, वाळलेलं गवत भरपूर द्या, आणि रात्री कोंडून ठेवण्यापेक्षा कुरणात सोडा. दोरीवर गोल गोल पळवून थकवण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. एखाद्या दिवशी ठीक आहे, पण रोज केलंत तर घोडा थकत नाही, तंदुरुस्त होतो. मग त्याला थकवायला आणखी पळवा! कॉगिन्स चाचणीचा (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रक्तरोगाच्या तपासणीचा) कागद गाडीत ठेवा, क्लब तो मागतो, आणि हमीपत्रावर सही घरूनच करून न्या. तिथे एका हातात घोडा आणि दुसऱ्या हातात पेन अशी कसरत मी केलेली आहे. मीटला वेळेआधी पोचा, पण घोड्याला गर्दीत उभं करू नका. ट्रेलरपासून लांब, चालवत राहा. हंटच्या प्रमुखांना, म्हणजे मास्टरना, जाऊन नमस्कार करा, घोडा नवा आहे हे स्वतःहून सांगा आणि मागे या. चांदीच्या पेल्यातून पोर्ट वाइन फिरवतात, ती पुढच्या वर्षी घ्या.

आणि तासाभरात परत या. घोडा छान वागतोय म्हणून अजून अर्धा तास थांबू, हा मोह सगळ्यांना होतो आणि सगळं बिघडतं ते त्याच अर्ध्या तासात. परतताना फील्ड मास्टरना सांगून निघा. सकाळचे नऊ वाजले असले तरी ‘गुड नाइट’ म्हणायचं, ती इथली रीत आहे. एकटे मात्र निघू नका. कळप एकीकडे आणि आपण दुसरीकडे, हा घोड्यासाठी पूर्ण दिवसातला सर्वांत कठीण क्षण असतो. तो म्हातारा घोडा सोबत परतेल हे आधीच ठरवून ठेवा, आणि त्याच्या मालकाला नंतर जेवायला घाला. घरी आल्यावर पायांवरून हात फिरवून सूज बघा, कानांत, शेपटीखाली आणि स्वतःच्या मोज्यांत गोचिडी शोधा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण भारतात फोन केल्यावर आई विचारणारच: त्या बिचाऱ्या कोल्ह्याला मारता का रे? आधी नावाचं सांगते. हा आपला कोल्हा नव्हे, हे खोकड. मराठीत कोल्हा आणि खोकड ही दोन वेगळी जनावरं आहेत, आपण सरसकट कोल्हा म्हणून मोकळे होतो. इंग्लंड-वेल्समध्ये हाउंड लावून खोकडाची शिकार करायला 2005 पासून कायद्याने बंदी आहे. अमेरिकेत ती नाही, पण इथे भर पाठलागावर असतो. खोकड बिळात शिरलं की हंट्समन हाउंडना परत बोलावतो. तुम्ही राहता त्याच पट्ट्यात 1905 साली इंग्लिश हाउंड चांगले की अमेरिकन यावरून दोन श्रीमंत गृहस्थांची पैज लागली होती. मिडलबर्ग-अपरव्हिलच्या आसपास दोन आठवडे दोन्ही कळप धावले. अमेरिकन हाउंड जिंकले, आणि दोन्हींपैकी एकानेही एकही खोकड मारलं नाही. तरी कधीच मारलं जात नाही असं मी आईला सांगत नाही. क्वचित घडतं. ते ज्याला पटत नसेल त्याने जाऊ नये, आणि अशा माणसाशी मी वाद घालत नाही. ज्यांना फक्त पळणं हवंय त्यांच्यासाठी कृत्रिम वासाच्या मागावर धावणारे ड्रॅग हंटही आहेत. मात्र ते तुमच्या घोड्यासाठी यावर्षी नकोत. तिथे थांबणं कमी, वेग जास्त.

माझी घोडी दुसऱ्या वर्षी हिलटॉपर्समध्ये चाळीस मिनिटं राहिली, तिसऱ्या वर्षी दुसऱ्या गटात. पुढच्या गटात ती कधीच गेली नाही आणि मलाही नंतर तशी घाई उरली नाही. ओपनिंग मीटच्या आमंत्रणाला नाही म्हणायचं अवघड वाटत असेल, तर घोड्याशिवाय जा. बरेच लोक गाडीतून हंटच्या मागे मागे फिरतात. त्या बाईंना काय सांगायचं याची चिंता करू नका, घोडेवाल्यांना ‘अजून तयार नाही’ हे कारण लगेच समजतं.

राहिली फीत. हिरवी म्हणजे घोडा नवखा, लाल म्हणजे लाथ मारतो. हिरवी बांधाच. फीत बांधली म्हणून मधोमध उभं राहायची मुभा मिळत नाही, जागा शेवटचीच. लालचं म्हणाल, तर तुम्ही लिहिलंय की ‘तसा तो मारत नाही, एकदाच मारली होती’. मग लालही बांधा.