गोळ्या खाऊनही रक्त वाढेना, तेव्हा

प्रश्न : माझी मुलगी २२ वर्षांची आहे. चेहरा फिकट दिसतो आणि चढणीवर तिला दम लागतो. आठ महिने लोहाच्या गोळ्या झाल्या, घरात तांबडी भाजी आणि नाचणी नित्याची आहे, तरी हिमोग्लोबिन १०.८ वरून हलत नाही. अहवालात एमसीव्ही (तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान) ६२ आणि तांबड्या पेशी ५६ लाख असे लिहिले आहे. तिच्या आत्यालाही लहानपणापासून रक्त कमीच. वर्षाअखेर मुलीचे लग्न आहे. काय करावे?
– एक आई, डिचोली

उत्तर : आत्याचा उल्लेख आपण केलात, हे फार बरे झाले, कारण ही उणीव ताटातली नसून वारशाने आलेली असावी, अशी शंका मला त्यावरून आणि अहवालातील आकड्यांवरून येते. लोह कमी पडले की शरीर लहान आणि मोजक्याच तांबड्या पेशी तयार करते; थॅलसेमियाच्या, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक दोषाच्या, वाहकात मात्र पेशी लहान असल्या तरी त्यांची संख्या भरपूर असते. एमसीव्हीला दशलक्षांतील पेशीसंख्येने भागावे. उत्तर १३ पेक्षा कमी आले तर थॅलसेमियाचा संशय घ्यावा, असा एक ठोकताळा आहे. आपल्या मुलीचे उत्तर (६२ भागिले ५.६) सुमारे ११ येते. हे निदान नव्हे, पण पुढील तपासणीला पुरेसे कारण आहे.

लोहाच्या कमतरतेच्या स्वतःच्या काही खुणा असतात : चमच्यासारखी खोलगट नखे, ओठांच्या कोपऱ्यांना पडलेल्या चिरा, गुळगुळीत झालेली जीभ, माती किंवा कच्चे तांदूळ खाण्याची ओढ. त्या मुलीत आहेत का, हे जरूर पाहा. हातापायांना मुंग्या येत असतील तर ब-१२ जीवनसत्त्वही तपासावे, विशेषतः घर शिवराक (शाकाहारी) असेल तर. नुसता फिकटपणा मात्र कोणत्याही एका कारणाकडे बोट दाखवत नाही, आणि म्हणूनच केवळ चेहरा पाहून महिनोन्‌महिने गोळ्या देत राहणे मला पटत नाही. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही.

आता प्रथम फेरिटिन तपासून घ्या, म्हणजे लोहाचा साठा कळेल. साठा पुरेसा असेल तर गोळ्या थांबवण्याविषयी डॉक्टरांशी बोला. त्यानंतर एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या) पद्धतीने हिमोग्लोबिन ए-२ हा प्रकार मोजावा. ते साधारण ३.५ टक्क्यांहून अधिक असल्यास मुलगी बीटा थॅलसेमियाची वाहक ठरते. लोह फारच कमी असेल तर ए-२ फसवे कमी दिसू शकते, यासाठी हा क्रम सांगितला. दोन्ही अहवाल बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) वैद्यकशास्त्र विभागात दाखवावेत.

वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, आणि त्यासाठी लग्न मोडण्याचे काहीच कारण नाही. होणाऱ्या जावयांची हीच तपासणी मात्र लग्नाआधी अवश्य करा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी बाळाला तीव्र थॅलसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि अशा मुलाला जन्मभर रक्त द्यावे लागते. जावयांच्या हिमोग्लोबिनमध्ये थॅलसेमिया, सिकलसेल किंवा असा अन्य दोष नसेल, तर ती भीती उरत नाही.

प्रश्न : नातवाला जी-सिक्स-पीडीची कमतरता असल्याचे निदान झाले आहे. ती भरून काढणारे टॉनिक आहे का?
– एक आजोबा, मडगाव

उत्तर : नाही. हे तांबड्या पेशींना जपणारे विकर (एन्झाइम) आहे, ते अन्नातून मिळत नाही. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येत असल्याने मुलग्यांत अधिक आढळतो, आणि एरवी मूल अगदी निरोगी असते. काही पदार्थांनी आणि औषधांनी मात्र अशा मुलाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात, म्हणून कपाटातल्या डांबराच्या गोळ्या आजच घराबाहेर काढा. हिवतापावर दिले जाणारे प्रायमाक्विन त्याला डॉक्टरांना ही कमतरता सांगितल्यावाचून कधीही देऊ नये. तशी ठळक नोंद त्याच्या आरोग्यपत्रिकेवर करून ठेवा. डोळे पिवळे दिसले, लघवी कोऱ्या चहासारखी झाली किंवा मूल एकाएकी फिकट पडले, तर त्याच दिवशी इस्पितळात न्या.