अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन याच्यावर महाभियोग चालला होता ना, मग त्याची खुर्ची गेली कशी नाही?

एका मताने वाचला. महाभियोग म्हणजे फक्त आरोप ठेवणं, ते काम खालच्या सभागृहाने २४ फेब्रुवारी १८६८ ला १२६ विरुद्ध ४७ मतांनी केलं, पण पदावरून काढायला वरच्या सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे तेव्हा ५४ पैकी ३६, आणि पडली ३५!

खरं भांडण होतं यादवी युद्धानंतर दक्षिणेचं काय करायचं आणि गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांना हक्क किती द्यायचे याचं. लिंकनच्या खुनानंतर आलेला जॉन्सन स्वतः दक्षिणेतला, काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) कायदा केला की हा व्हेटो मारून तो अडवणार. मग काँग्रेसने १८६७ मध्ये कायदाच केला की सिनेटला विचारल्याशिवाय मोठ्या अधिकाऱ्यांना काढायचं नाही. याने तरी युद्धमंत्री स्टँटनला काढलं. स्टँटन पण वस्ताद, ऑफिस सोडेचना, तिथेच मुक्काम ठोकला. त्याच्या जागी नेमलेले जनरल थॉमस यांना सकाळी सकाळी अटक झाली, जामिनावर सुटून ते ऑफिसात गेले आणि म्हणाले पुढच्या वेळी निदान नाश्ता तरी करू द्या, तर स्टँटनने त्यांना व्हिस्की पाजली 😄

शेवटी जॉन्सनविरोधी रिपब्लिकन पक्षातलेच ७ जण फुटले. एक कारण म्हणजे उपराष्ट्राध्यक्षच नव्हता, जॉन्सन गेला असता तर सिनेटचा हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड त्या जागी आला असता, आणि तो बऱ्याच जणांना नकोच होता. तो १८६७ चा कायदाही पुढे १८८७ मध्ये रद्द झाला.