बुरशीला आयती साखर देऊ नका

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पासाठी ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवते आहे. वाढ जोमदार व्हावी म्हणून स्टार्चच्या माध्यमात २ टक्के ग्लुकोज घातलं. बुरशी भरपूर आली, पण ॲमिलेज हे स्टार्च फोडणारं एन्झाइम जवळजवळ नाहीच. असं का?

उत्तर : त्या ग्लुकोजमुळेच. ॲमिलेज बुरशी बनवते ती स्टार्च फोडून पोट भरण्यासाठी. साखर आयती मिळाली, तर ती हा खटाटोप कशाला करेल? ग्लुकोज असेपर्यंत क्रीए नावाचं प्रथिन ॲमिलेजची जनुकं दाबून ठेवतं. स्टार्च फुटून माल्टोजसारख्या साखरा तयार झाल्या की एमीआर हे दुसरं प्रथिन तीच जनुकं चालू करतं. ग्लुकोज काढून टाका. फ्लास्कभर पांढरी बुरशी दिसली म्हणजे एन्झाइमही भरपूर, हा समज सोडा.

प्रश्न : गव्हाच्या कोंड्यावर फ्लास्कमध्ये एन्झाइम चांगलं येतं, ट्रेमध्ये मात्र निम्मंही नाही. इन्क्युबेटर तर ३० अंशांवरच आहे.

उत्तर : इन्क्युबेटर ३० वर असेल, कोंडा नसतो. दुसऱ्या दिवशी हातमोजा घालून थराच्या मधोमध बोटं खुपसून बघा, चांगलंच गरम लागेल. वाढणारी बुरशी उष्णता सोडते आणि कोंडा ती धरून ठेवतो. थर दोन-तीन सेंटिमीटरच ठेवा. जाळं धरून कोंड्याची वडी झाली की ती मोडून उलथवा, म्हणजे हवाही आत जाईल. ओलावा मुठीत तपासा: दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये.

पण उष्णतेला सरसकट शत्रू समजू नका. जपानमध्ये साकेसाठी तांदळावर हीच बुरशी वाढवतात, तेव्हा शेवटच्या टप्प्यात तापमान मुद्दाम ४० अंशांच्या आसपास नेतात. त्या उबेत ॲमिलेज वाढतं. त्याहून थंड ठेवलं तर प्रोटीएजचा, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमचा, जोर होतो. आणि कोंड्याला कमी लेखू नका. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी १८९४मध्ये अमेरिकेत एन्झाइमचं पेटंट मिळवलं, त्यांची बुरशीही कोंड्यावरच वाढायची.

प्रश्न : काढणी कधी करावी?

उत्तर : बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, पण दर बारा तासांनी नमुना मोजून ठरवा. उशीर केलात तर प्रोटीएज तुमचं ॲमिलेज खाऊन टाकतं.

प्रश्न : सुटलेली साखर रंगावरून मोजणाऱ्या डीएनएस चाचणीत ॲमिलेजचे आकडे फार मोठे येतात. खरे मानावेत का?

उत्तर : कोंड्यातून काढलेल्या अर्कात आधीचीच साखर असते, तीही रंग देते. थोडा अर्क उकळून एन्झाइम निकामी करा, तीच चाचणी करा आणि तो आकडा वजा करा. जोडीला आयोडीन वापरा. स्टार्चचा निळा रंग ओसरला, तरच ॲमिलेज काम करतंय.