परदेशी सरकारचा पैसा असलेल्या टाऊनशिपला शेतजमीन द्यावी का? सरकारच मागे असलं तर पैसे बुडत नाहीत ना?

बुडतात. आणि तो पैसा खरंच आहे की नाही, हे आधी कागदावर बघा.

२०१८ च्या सुगीत बेळगावजवळच्या येळ्ळूरला आमच्या दारात एजंटाची गाडी आली. रंगीत पत्रक पसरून म्हणाला, "पाठीमागं सिंगापूर सरकार आहे." आमचं सामाईक रान ३२ गुंठे, भात काढलं की मसूर. थोरला दादा लगेच तयार. संचकारपत्र, म्हणजे विसाराचा करार, कानडीत. आबांना कानडी बोलता यायचं, वाचता नाही. एजंटानं शाईची डबीसुद्धा सोबत आणलेली. मी कागद उचलला आणि गल्लीतल्या कानडी शाळेच्या निवृत्त मास्तरांकडे गेलो. त्यांनी ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. सिंगापूर कुठंच नव्हतं. लिहून घेणारा एक खाजगी इसम, हातात ५० हजार, बाकीचे 'लेआऊट मंजूर झाल्यावर', मुदत कोरी. मी सही केली नाही. दादा वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

आंध्र प्रदेशच्या नियोजित राजधानीत, अमरावतीत, सिंगापूर खरोखर होतं. असेंडास-सिंगब्रिज आणि सेम्बकॉर्प या सिंगापूरच्या कंपन्या तिथं स्टार्टअप वस्ती उभारणार होत्या. राज्यात सरकार बदललं, नोव्हेंबर २०१९ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला. लँड पूलिंगमध्ये (जमीन देऊन बदल्यात विकसित प्लॉट घ्यायची योजना) ३० हजार एकरांवर जमीन दिलेले शेतकरी पुढच्याच महिन्यात राजधानी तिथंच राहावी म्हणून आंदोलनाला बसले. मी दादाला बातमी दाखवली, तर म्हणतो, "ते आंध्रात."

परदेशी सरकारचा असला पैसा बहुतेक भाडं देणाऱ्या तयार इमारतींकडे जातो. सिंगापूर सरकारच्या जीआयसी या गुंतवणूक कंपनीनं २०१७ मध्ये डीएलएफ या बांधकाम कंपनीच्या भाड्याच्या कार्यालयांच्या कंपनीत ३३.३४ टक्के हिस्सा घेतला, जवळपास ९ हजार कोटींना. टाऊनशिप बांधायला परदेशी गुंतवणूक १०० टक्के चालते, पण नुसत्या जमिनीच्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला बंदी आहे. त्यामुळं तुमच्या बांधावर येतो तो मधला माणूसच. २०२० पासून कर्नाटकात बिगरशेतकऱ्यालाही शेती घेता येते, तेव्हापासून तर हे जास्तच.

घरात कुणी "तू आडवा येतोस" म्हणालं तरी या. कानडी वाचणारा आपला माणूस शेजारी बसवल्याशिवाय अंगठा नको.

सगळेच एजंट फसवे नसतात, आणि अमरावतीचं काम २०२४ नंतर पुन्हा सुरू झालं, हेही खरं. प्रकल्पाची रेरात (बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणात) नोंद असेल, पैसे खरेदीखताच्या दिवशी पूर्ण मिळत असतील, तर विचार करा.

दादा, हे वाचत असशील तर ते संचकारपत्र अजून माझ्या ट्रंकेत आहे. ये, दोघं मिळून मास्तरांकडून परत वाचून घेऊ.